लाटेखालची माणसं

आज ऐकता ऐकता एक काम करा. फोनवर 'द ग्रेट वेव्ह' शोधा. ओळखलीत ना? टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर दिसणारी ती निळी जपानी लाट! आता दोन बोटांनी चित्र मोठं करा आणि लाटेच्या खाली बघा. तीन लांबट होड्या दिसतील. त्यांत वल्ह्यांना बिलगून ओणवी झालेली माणसं आहेत, साधारण तीस जण.

हे चित्र होकुसाईचं, १८३१ च्या सुमाराचं. तेव्हा त्याने सत्तरी गाठली होती. फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांची ही मालिका. ती इतकी खपली, की आणखी दहा चित्रं वाढवावी लागली. त्याआधी अशा छापील चित्रांत नट आणि गणिकांचीच चलती असायची. आता निसर्ग आणि साधी माणसं आली. नोबोतोच्या चित्रात ओहोटीच्या वेळी लोक शिंपल्या वेचतायत. तागो-नो-उराच्या चित्रात मागे किनाऱ्यावर मीठ पिकवणारे राबतायत. आणि आपल्या लाटेतल्या त्या होड्या? त्या मासळी वाहणाऱ्या, वेगाने वल्हवायच्या होड्या. बर्फ नव्हता, इंजिन नव्हतं. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या बाजारात मासळी ताजी पोचवायची, तर हाताच्या जोरावरच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या पहिल्या बोनितो माशासाठी तर एदोवाले वाट्टेल ती किंमत मोजायचे. उशीर झाला की माल गेला!

आता हे चित्र विकत कोण घेत होतं? चित्रकार रेखाटन करायचा, कोरणारा ते चेरीच्या लाकडात कोरायचा, छापणारा एकेका रंगाचा ठसा कागदावर उमटवायचा. पैसे प्रकाशक घालायचा. एकाच ठशांतून शेकडो, हजारो प्रती निघायच्या, म्हणून चित्र स्वस्त पडायचं. साधारण एक-दोन वाडगे नूडल्सच्या पैशांत मिळायचं! तो गडद निळा रंगही बर्लिनमध्ये शोधला गेलेला, व्यापाऱ्यांच्या जहाजांतून जपानला आलेला.

म्हणजे बघा, एदोतला जो माणूस ताजी मासळी खायचा, तोच हे चित्रही घेऊ शकत होता. ताटातला मासा कुणाच्या जिवावर आला, ते त्याला घरबसल्या दिसत होतं. मला या चित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. फुजी लांब, छोटासा, शांत आहे. लाट कोसळायच्या बेतात आहे. आणि मधे ही माणसं, वीरबीर कुणी नाहीत, रोजच्या कामावर निघालेली.

२०२४ मध्ये जपानने हजार येनच्या नव्या नोटेमागे हीच लाट छापली. त्या नोटेवर मासळी विकत घेताना किती जणांना लाटेखालच्या होड्या दिसत असतील?

तुम्हाला त्या आधी कधी दिसल्या होत्या का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!