हाराजुकूचा रस्ता

टोकियोतील हाराजुकू हे नाव आज चित्रविचित्र पोशाखांशी जोडले गेले आहे. पण या पेठेला प्रथम वळण लावले ते जेत्यांनी. १९४५ च्या पराभवानंतर मेइजी देवस्थानाशेजारी, जपानी लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर, अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांसाठी ‘वॉशिंग्टन हाइट्स’ ही वसाहत उभी राहिली. कुंपणाबाहेर त्यांच्या गरजेची दुकाने थाटली गेली, आणि त्या दुकानांकडे पाहत आसपासची तरुण मंडळी वाढली. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी जागा परत मिळाली व तेथे क्रीडाग्राम झाले. त्याचेच पुढे योयोगी उद्यान झाले.

१९७७ पासून रविवारी हमरस्ता वाहनांना बंद होऊ लागला. या साध्या हुकुमाने जे घडवले ते एखाद्या कलासंस्थेला साधते ना! १९८० च्या सुमारास ‘ताकेनोको’ टोळ्या (नाव एका कपड्यांच्या दुकानावरून पडलेले) भडक रंगांचे घोळदार झगे घालून टेपरेकॉर्डरभोवती नाचू लागल्या. नक्कल म्हणावी, तर असे झगे अमेरिकेत कोणी घातले होते? आठवडाभर गणवेशात वावरणाऱ्या मुलांना रविवार तेवढा आपला होता. मागाहून वाद्यवृंदवालेही आले.

१९९८ मध्ये रस्ता पुन्हा वाहनांना खुला झाला. रहिवाशांना गोंगाट नको होता, आणि त्यांचेही खरेच. आदल्याच वर्षी छायाचित्रकार शोइची आओकी यांनी येथल्या पोशाखांची छायाचित्रे छापणारे ‘फ्रूट्स’ मासिक काढले होते. २०१७ मध्ये त्यांनी ते बंद केले. टिपावीत अशी मुलेच आता दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.