‘अनुभवजन्य’ सूत्रात अनुभव किती?

एका पदार्थात वजनाने ४० टक्के कार्बन, ६.७ टक्के हायड्रोजन आणि ५३.३ टक्के ऑक्सिजन आहे. त्याचे सूत्र काढा. शालेय रसायनशास्त्रातले हे ठरलेले गणित. प्रत्येक टक्केवारीला त्या त्या मूलद्रव्याच्या अणुभाराने, म्हणजे १२, १ आणि १६ यांनी, भागले की १:२:१ हे गुणोत्तर येते आणि सीएच२ओ हे अनुभवजन्य सूत्र मिळते. रेणुभार ६० असल्याचे सांगितले असेल, तर ६०ला ३०ने भागून सूत्र दुप्पट करायचे: सी२एच४ओ२, म्हणजे व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल. रेणुभार १८० असता, तर याच टक्केवारीतून ग्लुकोज निघाले असते.

आमचे कुतूहल आहे ते ‘अनुभवजन्य’ या विशेषणाविषयी. टक्केवारी प्रयोगातून येते हे खरेच; १८३१ साली लीबिगने पाच फुग्यांची काचनळी वापरून सेंद्रिय पदार्थांचे पृथक्करण पुष्कळच सोपे केले होते. परंतु १२ आणि १६ हे आकडे कोठून आले? १८५०च्या आसपास अनेक रसायनज्ञ कार्बनचा भार ६ आणि ऑक्सिजनचा ८ धरीत. वरची टक्केवारी या आकड्यांनी भागून पाहावी: गुणोत्तर १:१:१ येते. म्हणूनच ॲसेटिक आम्ल तेव्हा सी४एच४ओ४ असे लिहिले जाई. तराजू तोच, वजने तीच, आणि सूत्र मात्र निराळे!

या घोटाळ्याचे मूळ डाल्टनपाशी जाते. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल, तर त्यात प्रत्येकाचा एकेक अणू मानावा, असा त्याचा नियम होता. त्यानुसार पाणी एचओ ठरले. अणुभार काढायला सूत्र हवे आणि सूत्र काढायला अणुभार, असे हे चक्र होते. त्यातून सुटण्याची वाट लवकरच दिसली होती. दोन घनफळे हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन यांपासून दोन घनफळे वाफ होते, हे गे-ल्युसॅकने दाखवले; समान तापमानाला व दाबाला वायूंच्या समान घनफळांत रेणूंची संख्या समान असते, असे ॲव्होगाड्रोने १८११ साली मांडले. पण त्यासाठी ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा मानावा लागे, आणि सारखे अणू एकमेकांशी जोडले जातील हे बर्झीलियसच्या विद्युत्-सिद्धान्तात बसत नव्हते. एका चांगल्या सिद्धान्ताने दुसऱ्याची वाट अडवावी, हे साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही.

१८६१ साली केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक आम्लाची प्रचारात असलेली १९ सूत्रे छापली. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १८६०मध्ये, कार्ल्सरुह येथे सुमारे १४० रसायनज्ञ जमले होते. अणू कशाला म्हणावे आणि रेणू कशाला, हाच तेथे मुख्य प्रश्न होता. (जाता जाता: हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला तेथे ‘परमाणु’ म्हणतात. परिभाषेचे हे दुखणे केवळ युरोपचे नव्हे.) मतदानाने काही निष्पन्न होणे शक्य नव्हते, आणि झालेही नाही.

परिषद संपताना पावेझी या इटालियन रसायनज्ञाने एक पुस्तिका वाटली. ती कानिझारोची होती, आणि मुळात होती जिनोव्हाच्या विद्यापीठातल्या त्याच्या अध्यापनाची रूपरेषा, १८५८ साली पत्ररूपाने प्रसिद्ध झालेली. युक्ती साधी होती. कार्बनची अनेक बाष्परूप संयुगे घ्यावीत, घनतेवरून प्रत्येकाचा रेणुभार ठरवावा आणि त्यात कार्बनचा वाटा किती ते पाहावे. तो १२, २४, ३६ असाच येतो; ६ कधीच येत नाही. ऑक्सिजनचा १६, ३२ येतो, ८ नाही. म्हणजे शाळेत रेणुसूत्र शेवटच्या ओळीत येते खरे. इतिहासात मात्र रेणुभार आधी ठरला, आणि सीएच२ओ हे ‘अनुभवजन्य’ सूत्र त्याच्या आधाराने नंतर स्थिरावले.

लोथार मायरने ती पुस्तिका परतीच्या प्रवासात वाचली आणि १८६४च्या आपल्या ग्रंथात तिचाच पाया घेतला. मेंडेलीव्हही कार्ल्सरुहला हजर होता. ॲव्होगाड्रो १८५६ सालीच वारला होता.