एस.टी.चा डबा

१ जून १९४८ ला राज्यातली पहिली एस.टी. सुटली ती पुणे ते अहमदनगर. हे आम्हा नगरकरांना तोंडपाठ असतं. (२०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं.) त्याच्या आदल्याच वर्षी डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं होतं. आधी कॉलेज आलं, मग गाडी आली, आणि पुढे या दोघांच्या मधे एक तिसरी गोष्ट उभी राहिली, जिची कुठे पाटी नाही की पुतळा नाही. एस.टी.चा डबा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोरगं शहरात खोली करून शिकतंय, मेसला पैसे नाहीत. मग आई पहाटे उठून भाकरी थापायची, डबा फडक्यात बांधायची, वर नावाची चिठ्ठी. बाप किंवा धाकटा भाऊ तो फाट्यावर पहिल्या गाडीत ठेवायचा. पोरगं माळीवाड्याला नाहीतर तारकपूरला स्टँडवर वाट बघत उभं. डबा घ्यायचा, कालचा रिकामा परतीच्या गाडीत द्यायचा. ना पावती, ना ट्रॅकिंग नंबर! आमच्याकडे अशी सिस्टीम उभी करायला सहा महिने आणि चाळीस मीटिंगा लागतील.

आता याआधी गरीब मुलगा काय खायचा? पुण्यात वार लावून जेवायची पद्धत होती, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाहीतर माधुकरी. पण ती दारं जात बघून उघडायची. बहुजनांच्या मुलाला शाळेत घेतलं तरी त्याचं जेवण कुठे, हा प्रश्न शिल्लकच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी नेमका तोच पकडला. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वतः रांधायची आणि एका पंगतीत जेवायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. नगर जिल्ह्यात कर्जत, कोपरगाव, श्रीरामपूर इथली रयतची कॉलेजं आपण बघतो, त्याच्या मुळाशी ही चूल आहे. आपण मात्र भाषणात फक्त शिक्षणाचं बोलतो, भाकरीचं नाही.

असो. डब्याकडे येऊ. त्यात असायचं काय? बाजरीची भाकरी, मटकी नाहीतर हुलग्याची उसळ, कोरडं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कांदा. रस्सा सांडतो म्हणून नाही, उन्हाळ्यात भाजी आंबते म्हणून नाही. म्हणजे पदार्थ निवडले प्रवासाने. पण गंमत बघा. बाजरीत शंभर ग्रॅमला साधारण ११ ग्रॅम प्रोटीन, मटकी-हुलग्यात वीसच्या वर, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. तृणधान्यात लायसिन कमी, ते कडधान्य भरून काढतं. ऑफिसात प्रोटीनच्या डब्यावर दोन-तीन हजार घालवणारे मित्र आहेत माझे, त्यांना हे सांगितलं की हसतात.

तरी उगाच गौरव नको. या डब्यात दूध, फळ, पालेभाजी जवळजवळ नसायचीच. बाजरीत लोह भरपूर, पण ते अंगी लागायला सोबत लिंबासारखं काहीतरी आंबट लागतं. आणि सकाळचाच डबा अर्धा ठेवून रात्री खायचा, गार आणि कडक. माझ्या मामाने पाथर्डीच्या बाजूने आलेला असा डबा दोन वर्षं खाल्ला. त्याला विचारलं तर चवीबद्दल बोलत नाही, गाडी चुकली त्या दिवसांबद्दल बोलतो.

शिवाय हा डबा फुकट नव्हता बरं का. तो पैशात स्वस्त होता, कारण धान्य घरचं आणि पहाटेचं काम आईचं, जे कुणी हिशोबात धरलं नाही. शेत पिकलं नाही की तो आटायचा. १९७२ च्या दुष्काळात नगरसारख्या जिल्ह्यांत लोक खडी फोडत होते, अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि कामावरची सुकडी खात होते. तेव्हा शहरातल्या पोराला डबा कुठून जाणार?

आता डबा कमी झाला, मेस आली. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपल्याकडची कितीतरी मुलं एकच डबा लावून दोन वेळा खातात, म्हणजे पद्धत तीच, फक्त भाकरीच्या जागी मैद्यासारखी पांढरी चपाती आणि बटाट्याचा पातळ रस्सा. सरकारची स्वाधार योजना सुरू झाली तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला जेवणासाठी वर्षाला ३२,००० रुपये धरले होते. दहा महिने धरले तर दिवसाला साधारण १०७, एका जेवणाला ५३. त्यात मेसवाला उसळ घालेल की बटाटा, हे तुम्हीच सांगा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाल-घेवड्यांचं बी जपलं, २०२० ला पद्मश्री मिळाली. त्या वालाची उसळ आमच्याच जिल्ह्यातल्या मेसमध्ये मात्र मी अजून पाहिलेली नाही. पाहिली असेल कुणी तर पत्ता कळवा, रविवारी गाडी काढतो.