गॅरेजातलं मंडळ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, बुरूज, तट आणि फार झालं तर एखादा तह येतो. मोटार ठेवायच्या जागेत इतिहास घडतो, हे मराठी माणसाला पटणं कठीण. आपल्याकडे एक तर गॅरेज नसतं, आणि असलंच तर त्यात आजोबांची खाट, पाण्याचं पिंप आणि गेल्या तीन गणपतींची मखरं असतात. इतिहासाला शिरायला जागाच उरत नाही. पण मी ज्या मंडळींबद्दल सांगणार आहे त्यांचा इतिहास अस्सल गॅरेजात घडला. ५ मार्च १९७५, बुधवार, रात्रीची वेळ, बाहेर पाऊस. स्थळ : कॅलिफोर्नियातलं मेन्लो पार्क, गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थांचं गॅरेज. उपस्थिती बत्तीस. विषय : घरच्या घरी कॉम्प्युटर बनवणे.

आता 'घरच्या घरी' हे शब्द आपण लोणची, पापड आणि शिकेकाई यांच्यासाठी राखून ठेवलेले आहेत. १९७५ साली कॉम्प्युटर म्हणजे वातानुकूलित खोलीत बसवलेलं संस्थान होतं. त्याच्या दर्शनाला जाताना लोक चपला बाहेर काढत. असली वस्तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुळवू पाहणारी माणसं चारचौघांत वेडी ठरतात, आणि चारचौघांत वेडी ठरलेली माणसं एकमेकांना बरोबर शोधून काढतात.

ही जात मला चांगली ठाऊक आहे, कारण मी तिच्यातलाच. घराघरांत दोन प्रकारची माणसं असतात. वस्तू बंद पडली की दुरुस्तीला देणारी, आणि वस्तू उत्तम चालू असताना 'आत काय आहे बघू' म्हणून स्क्रू पिळणारी. माझ्या तरुणपणीचे कितीतरी शनिवार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे सुटे भाग धुंडाळण्यात गेले. त्या भागांना मी 'संग्रह' म्हणतो. आमची ही 'भंगार' म्हणते. पलंगाखाली आमच्या संसाराचा पाया या एका मतभेदावर भक्कम उभा आहे.

तर त्या बत्तीस जणांना एकत्र आणलं एका खोक्यानं. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या जानेवारी १९७५च्या मुखपृष्ठावर 'अल्टेर ८८००' नावाचा कॉम्प्युटर झळकला. किंमत सुमारे चारशे डॉलर, आणि तेवढ्या पैशांत मिळायचे सुटे भाग. रात्र रात्र डाग देत बसा आणि स्वतः जुळवा. गंमत अशी की मुखपृष्ठावरचं ते खोकं रिकामं होतं. खरा नमुना न्यूयॉर्कला पाठवताना वाटेतच गहाळ झाला, म्हणून घाईघाईनं दिवे आणि बटणं लावलेला पोकळ डबा फोटोला बसवला. आपल्याकडे काही लग्नांत मुलाचा पगार दाखवतात, तसंच हे. पण मागण्या आल्या त्या हजारोंनी. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावची ही 'मिट्स' कंपनी तोवर कर्जात बुडालेली होती. ती आता पाकिटांत बुडाली.

आणि हा कॉम्प्युटर करायचा काय? खरं सांगायचं तर काही नाही. त्याला टंकपाटी नाही, पडदा नाही. समोर खटक्यांची रांग. एकेक खटका वरखाली करून आकडे भरायचे, आणि उत्तर म्हणून लाल दिवे लागायचे. त्याची मूळ स्मरणशक्ती दोनशे छप्पन्न अक्षरांची, म्हणजे छापील चारेक ओळींची. आमच्या विसराळू नानामामांनासुद्धा याहून जास्त लक्षात राहायचं.

पण मंडळातल्या स्टीव्ह डॉम्पियरला त्यातूनही संगीत ऐकू आलं. हा माणूस असा की पैसे भरूनही खोकं येईना, तेव्हा चौकशीला थेट विमानानं अल्बुकर्कीला गेला. पुढे एकदा तो खटके खालीवर करत बसला असताना शेजारी हवामानाच्या बातम्या लावलेला रेडिओ अचानक गुणगुणू लागला. यात जादू काही नाही. आमच्याकडे शेजारच्या वहिनींनी मिक्सरवर चटणी काढली की आकाशवाणीवरचा यमन खरखरायचा, तोच हा प्रकार. यंत्रात वीज धावपळ करते, तिच्या लहरी बाहेर पडतात आणि रेडिओ त्या पकडतो. आपण वहिनींच्या नावानं बोटं मोडली. डॉम्पियरनं मात्र यंत्राला कुठल्या कामाला लावलं की कुठला सूर निघतो, याचा तक्ता मांडला. १६ एप्रिल १९७५च्या बैठकीत, एका शाळेत, त्यानं अल्टेरवर रेडिओ ठेवला आणि शेकडो खटके एकेक करून भरले. तेवढ्यात कोणाचा तरी पाय वायरीत अडकला, प्लग निघाला, सगळं पुसलं गेलं. आपण असतो तर मंडळ तिथंच फुटलं असतं. यानं शांतपणे पुन्हा पहिल्यापासून खटके भरले, आणि रेडिओतून बीटल्सचं गाणं वाजू लागलं. 'वन्स मोअर' झाला तेव्हा त्यानं 'डेझी' ऐकवलं. १९६१ साली बेल लॅब्जच्या अवाढव्य यंत्राकडून शास्त्रज्ञांनी गाऊन घेतलं होतं, तेच गाणं. राजवाड्यातली बंदिश चाळीत आली ती अशी.

मंडळ म्हटलं की भांडण आलंच. याचं कारण होतं कागदी फितीचं एक भेंडोळं. खटक्यांच्या जाचातून सुटायला 'बेसिक' नावाची भाषा हवी होती, आणि अल्टेरसाठी ती बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन पोरांनी लिहिली होती. मेमरीच्या पाटीबरोबर घेतली तर ती स्वस्त, नुसती घेतली तर पाचशे डॉलर. पण कंपनीच्या मेमरीच्या पाट्या नीट चालत नसत. म्हणजे नासका नारळ घेतला तरच साखर स्वस्त. जून १९७५मध्ये पालो आल्टोच्या एका हॉटेलात कंपनीनं प्रात्यक्षिक केलं, तिथून एक फीत 'कोणाच्या तरी' हाताला लागली. मंडळाच्या पुढच्या बैठकीत नकलांनी भरलेलं खोकं हजर! नियम एकच : एक न्यायची असेल तर पुढच्या वेळी दोन करून आणायच्या. लोक इमानदार. आणून देत.

३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्सनं शौकिनांना उघडं पत्र लिहिलं. वय वर्षं वीस, पण सूर थेट घरमालकाचा. वापरणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांनीसुद्धा भाषा विकत घेतलेली नाही, नुसता कॉम्प्युटरवरचा वेळच चाळीस हजार डॉलरांवर गेला, आणि आमच्या मेहनतीला तासाला दोन डॉलरसुद्धा सुटत नाहीत, असा हिशेब मांडून त्यानं मंडळींना सरळ चोर म्हटलं. कॅसेटवरून कॅसेट भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली पाहिलेल्या आपल्या पिढीला मंडळींची बाजू लगेच पटते. मला मात्र पोराचाही राग येत नाही. फुकट राबायला कोणाला परवडतं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. आणि ज्या गॅरेजात सगळं वाटूनच घ्यायचं ठरलं होतं, तिथं हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता, हेही तितकंच खरं.

ही मंडळी जत्रांनाही जात. सप्टेंबर १९७५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इलेक्ट्रॉनिक्सचं 'वेसकॉन' संमेलन भरलं. तिथल्या मांडवात विक्रीला बंदी. मॉस टेक्नॉलॉजीच्या चक पेडलनं मग हॉटेलातली खोली घेतली आणि काचेच्या बरण्यांत '६५०२' नावाच्या चिपा भरून वीस-पंचवीस डॉलरला विकायला ठेवल्या. इंटेलच्या चिपेचा छापील भाव होता तीनशे साठ. बरण्यांतल्या वरच्या चिपा चालणाऱ्या आणि तळाच्या नुसत्या शोभेच्या होत्या, असं सांगतात. आपले आंबेवाले हे शास्त्र कधीपासून जाणतात.

त्या बरण्यांच्या गिऱ्हाइकांत स्टीव्ह वॉझनियाक हा बुजरा इंजिनियर होता. पहिल्या गॅरेजसभेचाही तो साक्षीदार. त्यानं त्या चिपेभोवती कॉम्प्युटर रचला आणि आराखड्याच्या नकला मंडळात फुकट वाटल्या. त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्स म्हणाला, लोकांना जुळवायला वेळ कुठे आहे, आपण पाटीच विकू. त्यानं आपली गाडी विकली, यानं कॅल्क्युलेटर. एका दुकानदारानं पाचशे डॉलर दरानं पन्नास नग मागितले आणि लॉस आल्टोसला जॉब्सच्या आईवडिलांचं घर कारखाना झालं. चिपा बसवायला जॉब्सची बहीण, पाटीमागे एक डॉलर. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा ही म्हणाली, "म्हणजे तिकडेही निवडण-टिपणाचं काम बहिणीकडेच!"

एप्रिल १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिव्हिक ऑडिटोरियममध्ये पहिला 'वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर' भरला. दोन वर्षांपूर्वीच्या बत्तिसांचे आता बारा-तेरा हजार झाले होते. ॲपल-२ तिथंच मांडला गेला. आणि वॉझनियाकनं काय करावं? 'झाल्टेर' नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या कॉम्प्युटरची हजारो पत्रकं छापून गुपचूप पसरवली. त्यातल्या अफाट गुणांची यादी वाचून खुद्द जॉब्स चिंतेत पडला, आणि ही करणी आपल्याच भागीदाराची हे त्याला कित्येक वर्षं कळलं नाही. करोडपती व्हायच्या उंबरठ्यावर माणूस गणेशोत्सवातल्या पोरासारखा वागतो, म्हणून हा मला सगळ्यांत आवडतो.

मध्यंतरी भाच्याकडे सनीवेलला गेलो होतो. त्यानं हौसेनं लॉस आल्टोसचं ते घर दाखवलं. समोर माणसं फोटो काढत होती. मी म्हटलं, "आता मेन्लो पार्कला चल."

"मामा, तिथं काय आहे?"

"फ्रेड मूर."

"कुठल्या कंपनीचा?"

भाच्याला मग सगळं सांगावं लागलं. फ्रेड मूर कुठल्याच कंपनीचा नव्हता. गॉर्डन फ्रेंचचं गॅरेज आणि फ्रेड मूरची खटपट, यांतून मंडळ उभं राहिलं. युद्धविरोधी माणूस; १९५९ साली बर्कलीत सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध पायऱ्यांवर उपोषणाला बसलेला. मंडळाचं पत्रक तोच टाइप करी. कोणाकडे काय आहे, कोणाला काय हवंय, एवढंच त्यात मुख्यतः असे. १९७१ साली 'होल अर्थ कॅटलॉग' बंद झाला. त्या समारंभात संपादकांनी वीस हजार डॉलर जमलेल्यांपुढे ठेवले : ठरवा याचं काय करायचं. रात्रभर वाद झाला, माणसं पांगली, आणि उरलेले सुमारे पंधरा हजार डॉलर, पैसा हेच दुखण्याचं मूळ मानणाऱ्या या फ्रेडच्या गळ्यात पडले. त्यानं ते पत्र्याच्या डब्यात घालून परसात पुरले.

मंडळातून तो लवकरच बाहेर पडला. मंडळातून पुढे वीसेक कंपन्या निघाल्या. १९८६च्या डिसेंबरात शेवटची बैठक झाली. १९९७ साली फ्रेड मोटार अपघातात गेला. त्याच वर्षी ॲपल डबघाईला आली असताना पंधरा कोटी डॉलर घालून तिला हात दिला तो मायक्रोसॉफ्टनं, म्हणजे तासाला दोन डॉलरवरून भांडणाऱ्या त्या पोराच्या कंपनीनं.

भाचा गाडी चालवता चालवता बराच वेळ गप्प होता. मेन्लो पार्कची पाटी दिसली तेव्हा म्हणाला, "परसात पुरले? म्हणजे व्याजसुद्धा नाही?"