अनुकरणाची देशी रीत : नासिर शेख यांचा मालेगावी चित्रपट

भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीनंतर मराठी समीक्षेत ‘अनुकरण’ हा शब्द बहुधा दूषण म्हणूनच वावरत आला आहे. नेमाडे यांच्याच खानदेशाच्या वेशीवर मात्र या शब्दाची फेरतपासणी करावयास लावणारी एक निर्मिती झाली, आणि आपल्या समीक्षेने तिची फारशी दखल घेतली नाही.

धुळ्याहून तासाभराच्या अंतरावरील मालेगाव १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत खानदेशातच होते. यंत्रमागांच्या या गावात शुक्रवार हा सुटीचा आणि म्हणून चित्रपटाचा दिवस. नासिर शेख येथे व्हिडिओ पार्लर चालवीत. चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली त्यांनी प्रेक्षकांसमवेतच पाहिले. कोणत्या क्षणी मागावरचा कामगार हसतो आणि कोठे तो कंटाळतो, हे पडद्याइतकेच अंधारातही न्याहाळले. दोन व्हीसीआर जोडून ते दृश्ये कापू-सांधू लागले. दिग्दर्शक होण्यापूर्वी ते संकलक होते, म्हणजे एका अर्थी समीक्षकच. त्यांच्यावरील प्रभावांचा विचार करताना हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

सुमारे पन्नास हजार रुपयांत त्यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) केला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. घोडे परवडत नव्हते हे खरेच. परंतु सायकल हे कामगाराचे वाहन. साधनांच्या दारिद्र्यातून आलेली ही योजना मूळ चित्रपटाची भव्यता अलगद उघडी पाडते. शिवाय ‘शोले’ (१९७५) तरी कोठे स्वयंभू होता? कुरोसावा आणि पाश्चात्त्य ‘वेस्टर्न’पट यांचे ऋण त्यावर आहेच. मुंबईने उसने घेतले तर तो प्रभाव आणि मालेगावने घेतले तर ती नक्कल, हा न्याय कोणत्या सौंदर्यशास्त्राचा?

‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये ही रीत अधिक धारदार होते. हा सुपरमॅन कृश आहे, गावच्या घाणीने त्याला धाप लागते. ती भूमिका करणारा शफीक हा यंत्रमाग कामगार. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट २०१२ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत आला, तेव्हा तो हयात नव्हता. कर्करोगाने त्याला नेले होते. या चित्रपटांना ‘विडंबन’ म्हणून हातावेगळे करणाऱ्यांनी ती धाप एकदा ऐकावी.

रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ने (२०२४) नासिर यांचीच कथा मुंबईच्या पडद्यावर नेली. उसनवारीची दिशा येथे उलटली आहे, आणि त्या चित्रपटाला कोणी नक्कल म्हटलेले नाही.