महापालिकांची विजेवरची वाहने : चार्जिंगचे गणित आणि व्यवहार

देशातील अनेक महापालिका आणि नगरपालिकांनी शहर बससेवा, कचरा संकलन आणि कार्यालयीन कामकाजासाठी विजेवर चालणारी वाहने स्वीकारली आहेत. वाहनांच्या उद्घाटनाची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध होतात. मात्र ती दररोज वेळेवर रस्त्यावर येतील की नाही, हे आगारातील वीजजोडणी, चार्जरची संख्या आणि रात्रीचे वेळापत्रक यांवर अवलंबून असते. हा हिशेब चुकला तर नवी वाहने आगारात उभी राहतात आणि प्रवासी थांब्यावर ताटकळत राहतात. त्यामुळे या विषयाची मूलभूत माहिती नागरिकांनाही असणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी

शहरी वाहतुकीत विजेचा वापर भारताला नवा नाही. मुंबईत १९०७ साली विजेवरची ट्राम सुरू झाली आणि १९६४ पर्यंत ती धावत होती. मात्र ट्रामला तारेतून सतत वीज मिळत असे. आजच्या बसला आपली वीज बॅटरीत साठवून सोबत न्यावी लागते. चार्जिंगचे सर्व प्रश्न या फरकातून निर्माण होतात.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये 'फेम' योजना सुरू केली. तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून १०,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह अंमलात आला. या टप्प्यात बससाठी बॅटरीच्या क्षमतेनुसार प्रति युनिट २०,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये 'पीएम ई-बस सेवा' योजनेस मंजुरी मिळाली. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून १०,००० बस रस्त्यावर आणणे हे तिचे उद्दिष्ट असून, ५७,६१३ कोटी रुपयांच्या अंदाजित खर्चापैकी २०,००० कोटी रुपये केंद्राचे आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत १४,०२८ बससाठी ४,३९१ कोटी, तर सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी २,००० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले.

पुण्याचा अनुभव

पुणे महानगर परिवहन महामंडळ २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन परिवहन उपक्रमांच्या विलीनीकरणातून स्थापन झाले. त्यात पुणे महापालिकेचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेचा ४० टक्के आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये महामंडळाने नऊ मीटर लांबीच्या २५ विद्युत बस सेवेत आणल्या. त्यापाठोपाठ १२ मीटर लांबीच्या बस आल्या. भेकराईनगर आणि निगडी या आगारांमध्ये प्रारंभी चार्जिंगची व्यवस्था उभारण्यात आली.

या बस महामंडळाने विकत घेतल्या नाहीत. खासगी कंत्राटदार बस आणतो, चालक नेमतो आणि देखभाल करतो. परिवहन उपक्रम त्याला प्रति किलोमीटर ठरलेला दर देतो, वाहक नेमतो आणि तिकिटाचे उत्पन्न स्वतःकडे ठेवतो. देशातील बहुतेक विद्युत बस याच पद्धतीने धावतात. यामुळे महापालिकेला बसची मोठी किंमत एकदम मोजावी लागत नाही. दुसरीकडे, करारातील किमान किलोमीटर बस धावली नाही तरी पैसे द्यावे लागू शकतात. आगारातील वीजपुरवठा वेळेत न मिळाल्यास जबाबदारी कोणाची, हे करारातच स्पष्ट असावे लागते. उपक्रमांकडून कंत्राटदारांची देयके थकण्याची भीती लक्षात घेऊन केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटी रुपयांची देयक-हमी योजनाही मंजूर केली.

एका आगाराचा हिशेब

समजा, एका आगारात १२ मीटर लांबीच्या ५० वातानुकूलित बस आहेत. अशा बसला वाहतुकीची गर्दी, चढ आणि वातानुकूलन यांनुसार किलोमीटरला साधारण १.२ ते १.५ युनिट वीज लागते. दिवसाला २०० किलोमीटर धाव आणि सव्वा युनिटचा खप धरल्यास एका बसला २५० युनिट लागतील. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर सुमारे २७५ युनिटची नोंद होईल. पन्नास बससाठी रोज १३,७५० युनिट वीज लागेल.

सर्व ५० बस एकाच वेळी १२० किलोवॅटच्या चार्जरला जोडल्या तर भार ६,००० किलोवॅटवर जाईल. तोच भार रात्रीच्या सहा तासांत समान वाटला तर सुमारे २,३०० किलोवॅट पुरेल. म्हणजेच नियोजनामुळे जोडणीची क्षमता निम्म्याहून कमी होते. दोन बसमागे एक, असे २५ चार्जर बसविल्यास कमाल भार ३,००० किलोवॅट राहील आणि चार्जिंगला सुमारे पाच तास लागतील. मात्र रात्री दोन वाजता पहिली बस बाजूला काढून दुसरी तेथे लावण्यासाठी माणूस हवा आणि आगारात बस वळविण्यास जागा हवी. दोन नळ्यांचा चार्जर आणि भार आपोआप वाटून देणारी संगणक प्रणाली असल्यास हे काम सोपे होते.

एवढ्या भारासाठी उच्चदाब जोडणी, स्वतंत्र रोहित्र आणि अनेकदा उपकेंद्रापासून नवी वाहिनी टाकावी लागते. रस्ता खोदाईची परवानगी, रोहित्रासाठी जागा आणि विद्युत निरीक्षकांची तपासणी यांत अनेक महिने जातात. म्हणून बसची मागणी नोंदविण्यापूर्वीच वीज कंपनीकडे अर्ज करणे शहाणपणाचे ठरते. 'पीएम ई-बस सेवा' योजनेत आगारातील मीटरपलीकडील वीज यंत्रणेचा पूर्ण खर्च केंद्राकडून देण्याची तरतूद याच कारणासाठी आहे. मुंबईत बेस्ट उपक्रम बससेवेबरोबरच शहर भागात वीजपुरवठाही करतो. अशी सोय अन्य शहरांना क्वचितच लाभते.

विजेचे देयक

उच्चदाब ग्राहकाचे देयक केवळ युनिटवर ठरत नाही. महिन्यातील सर्वाधिक भारावरही आकार लागतो. एका रात्री सर्व चार्जर एकदम सुरू झाले, तरी महिन्याचे देयक वाढू शकते. केंद्राने जून २०२३ मध्ये केलेल्या नियमबदलानुसार, दिवसाच्या वेळेनुसार आकारल्या जाणाऱ्या दरांत सौर विजेच्या तासांचा दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा लागतो, तर सर्वाधिक मागणीच्या वेळी तो अधिक असतो. बसची सर्वाधिक गरज सकाळी आणि सायंकाळी असते. दुपारी गर्दी कमी झाल्यावर काही बस आगारात बोलावून चार्ज केल्यास स्वस्त विजेचा लाभ मिळतो आणि रात्रीचा भारही हलका होतो. अर्थात, आगार मार्गापासून दूर असल्यास ये-जा करण्यात रिकामे किलोमीटर वाढतात. म्हणून मोठ्या बसस्थानकांवर जलद चार्जर ठेवणे उपयुक्त ठरते.

लहान वाहने आणि लहान शहरे

प्रत्येक नगरपालिकेला बससेवा नसते. घंटागाडी मात्र सर्वत्र असते. कचरा गोळा करणारी तीनचाकी विद्युत वाहने या कामास योग्य ठरतात, कारण त्यांची फेरी ठरलेली, वेग कमी आणि दुपारनंतर विश्रांती असते. त्यांच्या लहान बॅटरीला सुमारे तीन किलोवॅटचा साधा चार्जर तीन-चार तासांत पूर्ण भरू शकतो. मात्र अशा २० गाड्या एका प्रभाग कार्यालयात एकत्र जोडल्यास भार ६० किलोवॅटवर जातो. जुन्या इमारतीचे वायरिंग हा भार पेलू शकत नाही. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र परिपथ, योग्य भूसंपर्कन आणि गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण असणे अत्यावश्यक आहे. सखल भागात चार्जर उंच ओट्यावर बसवावेत. गाड्या रोज धुतल्या जातात, त्यामुळे धुण्याची आणि चार्जिंगची जागा वेगळी असावी.

नागरिकांच्या वाहनांसाठी चार्जिंग केंद्र उभारण्यासही नगरपालिकांना वाव आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले की, चार्जिंग ही सेवा असून त्यासाठी वीज वितरणाच्या परवान्याची गरज नाही. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत शहरात दर तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात किमान एक केंद्र असावे, असे सुचविण्यात आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत सुधारणा होऊन, वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेइतकी चार्जिंगची सोय करण्याची तरतूद सुचविण्यात आली. त्याचा लाभ मिळण्यासाठी महापालिकेने बांधकाम परवानगीच्या वेळी ती काटेकोरपणे तपासणे गरजेचे आहे.

प्रशिक्षण आणि सुरक्षा

विद्युत बस चालविण्याची रीत डिझेल बसपेक्षा वेगळी आहे. तिला क्लच व गिअर नसतात, पूर्ण जोर तत्काळ मिळतो आणि आवाज अत्यल्प असल्याने पादचाऱ्याला चाहूल लागत नाही. मुंबईत कुर्ला येथे ९ डिसेंबर २०२४ रोजी बेस्टसाठी कंत्राटी तत्त्वावर धावणाऱ्या विद्युत बसच्या अपघातात अनेकांचा जीव गेला. त्यानंतर चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न प्रकर्षाने पुढे आला. चालक कंत्राटदाराचा असला, तरी प्रशिक्षणाचे निकष ठरविणे आणि त्यांची तपासणी करणे हे काम स्थानिक संस्थेला टाळता येत नाही.

वापराबरोबर बॅटरीची क्षमता हळूहळू घटते. पहिल्या वर्षी सहज पार होणारा मार्ग सातव्या वर्षी एका चार्जिंगमध्ये पूर्ण होईलच, असे नाही. त्यामुळे हमीचा कालावधी आणि बॅटरी बदलण्याचा खर्च करारात नमूद हवा. निकामी बॅटरीच्या विल्हेवाटीसाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू असून, पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. या बॅटऱ्या भंगारात विकणे धोकादायक ठरते.

नागरिकांनी काय विचारावे

आपल्या शहरात विद्युत वाहनांचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे आल्यास काही प्रश्न आवर्जून विचारता येतील. आगाराचा मंजूर वीजभार किती आणि जोडणी कधी मिळणार? किती बसमागे एक चार्जर असेल? वीज खंडित झाल्यास पहाटेच्या फेऱ्या कशा सुटणार? चालकांना कोण आणि किती दिवस प्रशिक्षण देणार? केंद्राचे साहाय्य संपल्यानंतर प्रति किलोमीटर खर्चाचा भार कोण उचलणार? या प्रश्नांची लेखी उत्तरे सभेपुढे आल्यावरच खरेदीचा निर्णय घेणे प्रवाशांच्या आणि करदात्यांच्या हिताचे ठरेल.