पित्ताशयातले खडे : दुर्बिणीतून शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय?

जेवणानंतर पोटात उजवीकडे, बरगडीखाली दुखलं की आपण 'पित्त झालं' म्हणतो आणि गोळी घेऊन मोकळे होतो. पण ते पित्त म्हणजे अ‍ॅसिडिटी. खरं पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठतं. दुखण्याचं कारण तिथले खडेही असू शकतात. सोनोग्राफीत ते सहसा दिसतात.

शस्त्रक्रिया कशी होते?

पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरला जातो, म्हणजे आत काम करायला जागा होते. साधारण ५ ते १० मिलिमीटरची तीन-चार छिद्रं पाडून एकातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून अवजारं आत जातात. खड्यांसकट पूर्ण पित्ताशय काढतात, कारण ते ठेवलं तर खडे पुन्हा होऊ शकतात. पित्त यकृतच बनवत असल्याने पचन चालू राहतं. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात.

सुरुवात कुठे झाली?

जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया केली. भारतात ती १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. आज नाशिकसारख्या शहरातही ती नेहमीची झाली आहे.

खडा नलिकेत अडकला तर?

मूतखड्यासारखा हा खडाही 'पडून जाईल' अशी वाट पाहणं धोक्याचं आहे. तो पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. ही कावीळ झाडपाल्याने उतरत नाही. अशा वेळी तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन खडा काढतात. याला 'ईआरसीपी' म्हणतात. पित्ताशय नंतर काढलं जातं.

यकृत आणि स्वादुपिंडाच्या काही शस्त्रक्रियाही दुर्बिणीतून होतात, पण त्या अवघड असतात. त्यासाठी अनुभवी टीम लागते.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतं का?

नाही. त्रास नसेल तर अनेकदा डॉक्टर फक्त लक्ष ठेवायला सांगतात. सूज फार असेल तर दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया पोट उघडून पूर्ण करावी लागते. ते अपयश नाही, रुग्णाच्या सुरक्षेसाठी घेतलेला निर्णय असतो.

लगेच रुग्णालय कधी गाठायचं?

पोटदुखीसोबत थंडी-ताप, डोळे पिवळे होणं किंवा न थांबणाऱ्या उलट्या असतील तर. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारा.